बाबांचा जी ड्राइव्ह

मागच्या दिवाळीत बाबांसाठी नवीन लॅपटॉप घेतला. जुना डेस्कटॉप जाऊन बरीच वर्षं झाली होती, मधली वर्षं त्यांनी मोबाइलवर काढली, आणि निवृत्तीनंतर सोसायटीचे हिशोब पुन्हा त्यांच्या गळ्यात पडले तेव्हा म्हणाले, घेऊन टाक एक. घेतला. चालू करून दिला. बाबांनी चष्मा लावला, ड्राइव्ह दिसतात ती खिडकी उघडली, आणि अर्धा मिनिट नुसते स्क्रीनकडे बघत बसले.

"यात फक्त सीच दिसतोय रे. माझा जी कुठाय?"

"जी नाहीये बाबा. आता एकच असतो."

"मग आपलं सामान कुठे ठेवायचं?"

मी हसलो. पण हा प्रश्न काही खुळचट नव्हता. ज्या घरांत २००० ते २०१० च्या दरम्यान पहिला कॉम्प्युटर आला, त्या बहुतेक घरांत हा नियम पाठ असायचा: सी कॉम्प्युटरचा, बाकीचे आपले. सीवर काही ठेवायचं नाही. ओल्या हाताने बटण दाबायचं नाही, तसंच हे. कुणी सांगितलं, का सांगितलं, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. नंतर इंजिनिअरिंग केलं, आयटीत लागलो, रोज सर्व्हरवर डिस्क जोडतो आणि काढतो, पण पहिला ड्राइव्ह ए न होता सी का, आणि ते तुकडे मुळात कुणी पाडले, हे मला बाबांना दोन वाक्यांत सांगता येईना. मग दोन वीकेंड त्यातच गेले. शिवाय या जी ड्राइव्हच्या बाबतीत माझ्या नावावर एक जुनं पाप आहे, ते पुढे येईलच.

तर आधी अक्षरं. ड्राइव्हला अक्षराने हाक मारायची पद्धत मायक्रोसॉफ्टची नाही. ती आयबीएमच्या मोठ्या मेनफ्रेम मशीनवर १९६० च्या दशकातच होती. तिथून ती गॅरी किल्डॉल या माणसाने १९७४ च्या सुमारास लिहिलेल्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आली. टिम पॅटरसनने १९८० मध्ये ८६-डॉस लिहिलं ते सीपी/एमच्या वळणावर, आणि तेच १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेऊन आयबीएमला दिलं. म्हणजे आपल्या घरातला 'सी' तीन घरं फिरून आलेला.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी बाजारात आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. फ्लॉपी होती, १६० केबीची. पहिली फ्लॉपी ए, दुसरी बी. ज्यांच्याकडे एकच फ्लॉपी ड्राइव्ह होता त्यांनाही बी मिळायचा, कारण डॉस त्याच एका ड्राइव्हला दोन नावांनी ओळखायचं आणि 'आता बीची फ्लॉपी घाला' असं सांगायचं. थोडक्यात ए आणि बी या दोन्ही खुर्च्यांवर आधीच रुमाल टाकलेले. म्हणून ८ मार्च १९८३ रोजी आयबीएमने १० एमबी हार्ड डिस्कवाला पीसी एक्सटी आणला तेव्हा त्या डिस्कच्या वाट्याला आला सी. फ्लॉपी जाऊन आता जमाना झाला, ए आणि बी रिकामे पडलेत, तरी सी आपल्या जागेवरून हललेला नाही.

१० एमबी! आज मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो मावतील. पण तेव्हा ३६० केबीच्या जवळजवळ तीस फ्लॉप्यांचा माल एका डब्यात बसत होता, आणि तो डबा असलेल्या मशीनची किंमत होती ४,९९५ डॉलर.

आता खरी गोष्ट. एवढीशी डिस्क, तिचे तुकडे करायची बुद्धी कुणाला का व्हावी? मला आधी वाटायचं की सामान नीट लावायला, कपाटाला कप्पे करतो तसं. तसं मुळीच नव्हतं. आयबीएमने पीसी जाहीर केला तेव्हा त्यासाठी तीन ऑपरेटिंग सिस्टिम सांगितल्या होत्या: स्वतःचं पीसी-डॉस, डिजिटल रिसर्चचं सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. यातली कुठली चालेल याची १९८१ मध्ये खात्री नव्हती. (चाललं डॉस. ते ४० डॉलरला होतं आणि सीपी/एम-८६ २४० डॉलरला, हेही एक कारण.) फ्लॉपीच्या काळात प्रश्न सोपा होता, ज्या सिस्टिमची फ्लॉपी घालाल ती चालू होईल. हार्ड डिस्क मात्र एकच, आणि ती खोक्याच्या आत स्क्रूने बसवलेली. प्रत्येक सिस्टिमची फाइली मांडायची पद्धत वेगळी. एकाच जमिनीवर तीन भावांनी नांदायचं तर बांध घालायला हवेत.

म्हणून पीसी-डॉस २.० बरोबर आला एफडिस्क हा प्रोग्रॅम, आणि डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये एक छोटंसं टेबल. हे टेबल मला बघितल्यापासून सातबाऱ्यासारखं वाटतं. जमीन वेगळी आणि तिचा उतारा वेगळा. पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या कोडला, शेवटचे दोन बाइट सहीसारखे, म्हणजे ५५ आणि एए. उरले ६४. प्रत्येक हिस्सेदाराची नोंद १६ बाइटची. ६४ भागिले १६, चार. झालं! 'एका डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन' हा जो नियम आपण व्हायव्हाला घोकला, तो एवढाच. तीन सिस्टिमना तीन आणि एक जास्तीचा, असाच तेव्हाचा हिशोब असावा असं मला वाटतं.

त्या १६ बाइटमध्ये काय असतं? एक बाइट 'यावरून मशीन सुरू करायचं का', एक बाइट 'मालक कोण' (०७ म्हणजे विंडोजचं एनटीएफएस, ८३ म्हणजे लिनक्स), तीन-तीन बाइट सुरुवात आणि शेवट जुन्या पद्धतीने, म्हणजे सिलिंडर, हेड, सेक्टर, आणि मग चार बाइट 'कुठून सुरू' व चार बाइट 'किती सेक्टर'. बस्स. अख्ख्या घराचे फोटो, गाणी, हिशोब ज्या पार्टिशनमध्ये आहेत ते पार्टिशन आहे, याचा पुरावा एवढाच.

गंमत म्हणजे डॉस २.० च्या एफडिस्कला डॉससाठी एकच पार्टिशन करता यायचं. एकाच विंडोजसाठी सी-डी-ई-एफ करायचे हे त्या लोकांच्या डोक्यातही नव्हतं. मग हे सुरू कसं झालं? टंचाईतून. जागेच्या नाही, आकड्यांच्या.

डॉस पार्टिशनमधले सेक्टर मोजायचं १६ बिटांत. म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३६ सेक्टर, गुणिले ५१२ बाइट, बरोबर ३२ एमबी. १९८४ च्या पीसी एटीत २० एमबीची डिस्क होती तोवर कुणाला टोचलं नाही. पण ४० एमबीच्या डिस्क आल्या आणि लोक अडकले: डिस्क ४० ची आणि डॉसला दिसतात ३२. यावर १९८७ मध्ये डॉस ३.३ ने जो तोडगा काढला तो अस्सल तलाठी कार्यालयातला आहे. मोजायची पद्धत बदलली नाही. त्याऐवजी चारपैकी एक नोंद 'एक्स्टेंडेड' म्हणून लावायची, आणि तिच्या आत पोटहिस्से पाडायचे, म्हणजे लॉजिकल ड्राइव्ह. सी ३२ चा, डी ८ चा. घरातल्या डी ड्राइव्हचा जन्म हा असा. सोय म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून.

या पोटहिस्स्यांची नोंद पहिल्या सेक्टरमध्ये नसते हे लक्षात ठेवा, माझ्या पापात त्याचा संबंध आहे. प्रत्येक पोटहिस्स्याच्या तोंडाशी त्याचा स्वतःचा छोटा उतारा असतो, आणि त्यात दोनच गोष्टी: माझा हिस्सा इथून इथपर्यंत, आणि पुढचा उतारा अमुक ठिकाणी. ट्रेझर हंटसारखं, एका चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा पत्ता.

३२ एमबीची भिंत वर्षभरात पडली. आधी कॉम्पॅकच्या डॉस ३.३१ ने, मग १९८८ च्या डॉस ४.० ने सेक्टर ३२ बिटांत मोजायला सुरुवात केली. पण मग दुसरी भिंत उभी. फाइली कुठे आहेत याची फॅट नावाची वही १६ बिटांची होती, तिच्यात साधारण ६५ हजार ओळी. डिस्क मोठी झाली की प्रत्येक ओळीच्या वाट्याला मोठा तुकडा द्यायचा. जास्तीत जास्त ३२ केबीचा. ६५ हजार गुणिले ३२ केबी, म्हणजे २ जीबी. त्यापुढे नाही.

आणि हा तुकडा सबंध द्यावा लागतो. १ केबीचं पत्र लिहिलं तरी ते ३२ केबी अडवून बसणार, एका माणसाने सहा जणांचं टेबल अडवावं तसं. १ ते २ जीबीच्या पार्टिशनला ३२ केबीचे तुकडे, पण ५१२ एमबीच्या आतलं पार्टिशन केलं तर ८ केबीचे. म्हणजे डिस्कचे जितके लहान तुकडे पाडाल तितकी नासाडी कमी. आता विचार करा, १९९८ च्या आसपास ४.३ जीबीची डिस्क कुणी घेतली आणि त्यावर हे जुनं फॅट वापरलं, तर तीन तुकडे करणं भागच. आपल्या गल्लीबोळातल्या कॉम्प्युटर जोडून देणाऱ्यांचा हात याच काळात बसला असणार, असा माझा अंदाज. १९९६ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर फॅट-३२ आलं, १९९८ मध्ये विंडोज ९८ बरोबर ते घरोघरी पोचलं, भिंत पडली. हाताची सवय राहिली.

भिंती अजूनही होत्या. जुन्या बायोसची ५०४ एमबीची, नंतरची ८.४ जीबीची, मग १३७ जीबीची. प्रत्येक वेळी कारण तेच: कुणीतरी कधीतरी 'एवढे बिट पुरे' असं ठरवलेलं. सगळ्या सांगत बसत नाही. पण विंडोज ९८ च्या एफडिस्कची एक सांगायलाच हवी. ६४ जीबीच्या वरची डिस्क लावली की त्याचा मोजायचा काटा पूर्ण फिरून पुन्हा शून्यापासून सुरू व्हायचा. ८० जीबीची कोरी डिस्क, आणि एफडिस्क सांगणार साधारण १० जीबी. माझ्या मामेभावाला हे झालं होतं. तो डिस्क घेऊन तावातावाने दुकानदाराशी भांडायला गेला होता. :)

याच मामेभावाकडून ऐकलेली दुसरी गोष्ट. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत गाणी कॉपी करायला लोक चक्क हार्ड डिस्क काढून, टॉवेलात गुंडाळून मित्राच्या घरी न्यायचे. मित्राच्या मशीनला ती जोडली की मित्राचा डी गायब आणि त्या जागी पाहुण्याचा सी! कारण डॉस आणि विंडोज ९८ अक्षरं वाटताना आधी प्रत्येक डिस्कचं पहिलं प्रायमरी पार्टिशन घेत, मग पोटहिस्से. पाहुणी डिस्क आली की तिचा थोरला मधे घुसायचा आणि घरचे धाकटे एकेक अक्षर खाली सरकायचे. डेस्कटॉपवरचे सगळे शॉर्टकट मोडायचे. पाहुणा गेला की आपोआप ठीक. अक्षरं डिस्कवर कोरलेली नसतात, रोज सकाळी हजेरीला वाटली जातात, हे यातून कळायला हवं होतं. ते मला कळलं २०१३ मध्ये, वेगळ्या पद्धतीने.

आमच्याकडे २००५ मध्ये असेंबल्ड कॉम्प्युटर आला. ८० जीबीची डिस्क, विंडोज एक्सपी. जोडून देणारे काका घरी आले, चहा घेतला आणि चार सारखे तुकडे करून गेले. आधी त्यांनी फक्त सी करून विंडोज टाकलं, मग बाकीचे तुकडे केले. तोवर डी हे अक्षर सीडी ड्राइव्हने पटकावलं होतं, त्यामुळे आमच्याकडे सी, ई, एफ आणि जी. ई वर सॉफ्टवेअर, एफ वर सिनेमे-गाणी म्हणजे माझं राज्य, आणि जी बाबांचा. जी वर सोसायटीचे हिशोब, कॅमेऱ्यातले फोटो, आणि 'आई' नावाचा एक फोल्डर. त्यात आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांची अकरा रेकॉर्डिंग होती. बाबांनी २००९ मध्ये गावी जाऊन मोबाइलवर केलेली. आजी २०११ मध्ये गेली.

दर सहा-आठ महिन्यांनी व्हायरस यायचा, काका यायचे, 'फॉरमॅट मारायचे'. म्हणजे फक्त सी पुसून विंडोज नव्याने टाकायचं. जी ला धक्का लागायचा नाही. बाबांचा नियम इथून पक्का झाला, आणि तो बरोबरच होता. विंडोज कोलमडणं ही तेव्हा महिन्या-दोन महिन्यांची घटना होती, डिस्क मरणं क्वचितची. ज्या संकटाची भीती जास्त त्याच्यावरचा तो इलाज होता.

अकरावीत असताना मला लिनक्सचा किडा चावला. एफ रिकामा करायचा, तिथे लिनक्स टाकायचं, असा बेत. सिनेमे पेनड्राइव्हवर हलवले. सीडीवरून लिनक्स सुरू केलं, पार्टिशनचा प्रोग्रॅम उघडला. तिथे सी-ई-एफ काही नाही. एसडीए१, एसडीए२, आणि एकदम एसडीए५, एसडीए६, एसडीए७. हे मधले आकडे का गाळलेत, असं वाटलं. (आता माहिती आहे. १ ते ४ त्या १९८३ च्या चार नोंदींसाठी राखीव, म्हणून पोटहिस्से नेहमी ५ पासून. तीस वर्षांनंतरही.) एसडीए२ म्हणजे पोटहिस्से धरणारा मोठा डबा, एवढं कळलं. बाकीचे मी बोटांवर मोजले. सी, डी, ई, एफ. एफ चौथा. पार्टिशनं चार. चौथं एसडीए७. डिलीट. अप्लाय. हिरवी बरोबरची खूण.

डी हे अक्षर सीडी ड्राइव्हचं आहे, ते डिस्कवर नाहीच, हे डोक्यात आलंच नाही. चारही तुकडे सारख्या आकाराचे, त्यामुळे आकारावरूनही कळेना. किती भरलंय तो आकडा शेजारीच लिहिलेला होता. पण सोळाव्या वर्षी कोण वाचतो.

परत विंडोज सुरू केलं. एफ होता, रिकामा. जी नव्हता.

त्या क्षणी पोटात काय झालं ते लिहीत नाही. जुना एफडिस्क ड्राइव्ह उडवायच्या आधी त्याचं नाव टाइप करायला लावायचा. लोक त्याला खूप शिव्या घालायचे म्हणे. मला त्या दिवशी कुणी नुसतं विचारलं असतं की जो उडवतोयस त्याचं नाव सांग, तर मी थांबलो असतो.

कॉम्प्युटर बंद केला आणि "चालू होत नाहीये" अशी थाप मारली. दोन दिवस. वरच्या मजल्यावर एक दादा इंजिनिअरिंगला होता, शेवटी त्याला सांगितलं. त्याने एकच प्रश्न विचारला: "त्यावर नंतर काही लिहिलंस का?" नाही. "मग रडतोस कशाला? उतारा फाडलायस, शेत जागेवर आहे." सातबाऱ्याची उपमा खरं तर त्याची, मी वर ढापली आहे.

त्याने टेस्टडिस्क नावाचा प्रोग्रॅम आणला. ख्रिस्टोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेला, फुकट. तो काय करतो, तर उताऱ्यावर विश्वास न ठेवता थेट शेतात फिरतो. सेक्टर बघत जातो: इथे कुणाच्या घराचा उंबरा दिसतो का? एनटीएफएसच्या पार्टिशनचा पहिला सेक्टर ठरावीक दिसतो, त्यात स्वतःची लांबी लिहिलेली असते, आणि त्याची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये असते. दोन्ही टोकांना खुणेचे दगड! मी फक्त साखळीतली शेवटची चिठ्ठी फाडली होती. बराच वेळ आकडे सरकत राहिले, मग काळ्या स्क्रीनवर एक हिरवी ओळ आली. दादा म्हणाला, "पी दाब." फाइलींची यादी आली. इंग्रजी अक्षरांत 'आई'.

मग राइट, रिस्टार्ट, आणि जी परत आला. १६ बाइटची एक नोंद पुन्हा लिहिली एवढंच. अकराही रेकॉर्डिंग वाजवून बघितली, हेडफोन लावून. बाबांना हे आजतागायत माहीत नाही. (आता कळेल.)

त्याच रात्री मी तो फोल्डर दोन सीड्यांवर उतरवला आणि एक कपाटात, एक मामाकडे. हे बरं झालं, कारण २०१७ मध्ये ती हार्ड डिस्क कट-कट आवाज करत गेली, आणि जाताना सी, ई, एफ, जी चारही अक्षरं एकदम घेऊन गेली. पार्टिशनच्या बांधांना त्या आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं. फोटो बरेचसे गेले. आजीचा आवाज तेवढा सीडीवर राहिला.

बांध सरकवायची कथाही मोठी आहे, थोडक्यात सांगतो. एफडिस्कला बांध घालता यायचा आणि पाडता यायचा, सरकवता यायचा नाही. माल जागेवर ठेवून हद्द हलवायची करामत घरोघरी नेली ती पॉवरक्वेस्ट कंपनीच्या पार्टिशनमॅजिकने, १९९० च्या दशकात. शेजाऱ्याचा बांध कोरणं हा आपल्याकडे गुन्हा, पण इथे त्याचे पैसे मिळायचे! २००३ मध्ये ती कंपनी सिमँटेकने घेतली आणि नंतर ते सॉफ्टवेअर बंद पडलं. विस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजमध्येच पार्टिशन लहान करायची सोय आली. फुकट.

आणि १९८३ च्या त्या टेबलाचं काय झालं? त्याला मारलं पुन्हा एका आकड्यानेच. 'किती सेक्टर' याला चार बाइट, म्हणजे ३२ बिट. गुणिले ५१२, साधारण २.२ टीबी. २०१० मध्ये ३ टीबीच्या डिस्क आल्या आणि सातबारा कमी पडला. त्याची जागा घेतली जीपीटीने. मूळ काम इंटेलचं, १९९० च्या दशकातल्या ईएफआय प्रकल्पातलं. यात नेहमीच्या मांडणीत १२८ नोंदी बसतात, आकडे ६४ बिटांचे, पोटहिस्स्यांची भानगड नाही. सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे टेबलाच्या दोन प्रती, एक डिस्कच्या सुरुवातीला, एक शेवटी, आणि मजकूर बिघडला तर कळावं म्हणून चेकसमही. २०१३ मध्ये माझ्याकडे हे असतं तरी उपयोग नव्हता म्हणा, डिलीट केल्यावर दोन्ही प्रतींतून नोंद जाते. मूर्खपणाची प्रत ठेवत नाहीत.

पण जीपीटीच्या डिस्कवरसुद्धा पहिला सेक्टर अजून जुन्याच पद्धतीचा असतो. त्यात एकच खोटी नोंद: ही सगळी जमीन 'ईई' नावाच्या मालकाची आहे, हात लावू नका. जुन्या प्रोग्रॅमना डिस्क कोरी वाटू नये म्हणून. मालक गेला तरी दारावरची पाटी तशीच.

दिवाळीच्या त्या संध्याकाळी बाबांना मी डिस्क मॅनेजमेंट उघडून दाखवलं. "एकच आहे" असं मी ठोकून दिलं होतं, पण त्यात तीन तुकडे दिसत होते: मशीन सुरू करायला एक छोटं ईएफआय पार्टिशन, सी, आणि शेवटी रिकव्हरी. चौथं एक १६ एमबीचं मायक्रोसॉफ्टने स्वतःसाठी राखलेलं असतं, ते तिथे दाखवतच नाहीत. आणि त्या ईएफआय पार्टिशनची मांडणी फॅट-३२, म्हणजे मार्क मॅक्डॉनल्डने १९७७ मध्ये फ्लॉपीसाठी बनवलेल्या फॅटची नात. बाबा म्हणाले, "म्हणजे कंपनीने स्वतःसाठी जागा ठेवली, आपल्यालाच नाही."

मी समजावून बघितलं. की आता एसएसडी आहे, तिच्यात फिरणारी तबकडी नाही. जुन्या डिस्कवर सुरुवातीचं पार्टिशन तबकडीच्या बाहेरच्या कडेला यायचं आणि वेगात वाचलं जायचं, इथे तसं काही नाही. डिस्कच्या आतलाच कंट्रोलर माल कुठे ठेवायचा ते ठरवतो, बांधाच्या अलीकडचं-पलीकडचं चिप्समध्ये एकमेकांत मिसळलेलं असतं. शिवाय विंडोज आता फाइली ठेवून स्वतःला नव्याने टाकू शकतं. आणि दोन तुकडे केले की एक भरतो आणि दुसरा रिकामा राहतो, हे आपण आयुष्यभर बघितलंय.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे सगळं बरोबर असेल. पण त्या सीमध्ये तुमच्या त्या विंडोजच्या हजार फाइली असणार. त्यात माझं काय आणि त्याचं काय, मला कळायला नको?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्युमेंट्सचा फोल्डर आहे, हे उत्तर आहे, पण ते त्यांच्या प्रश्नाचं नाही. चाळीस वर्षं आकड्यांच्या टंचाईने पाडलेल्या तुकड्यांवर बाबांसारख्यांनी स्वतःचा एक अर्थ चढवला होता, आणि तो अर्थ कुठल्याच भिंतीबरोबर पडला नाही.

सीवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम, १०० जीबी. अर्ध्या मिनिटात काळ्या पट्टीची मोकळी जागा आली. नवीन व्हॉल्यूम करताना विंडोजने स्वतःहून डी हे अक्षर सुचवलं. मी यादी उघडून जी निवडलं. मग बाहेरून लावायची एक छोटी डिस्कही काढली, आणि दर रविवारी जी ची प्रत तिच्यावर कशी घ्यायची ते त्यांना वहीत लिहून दिलं, पायरी पायरीने.

बाबांनी जी उघडला. रिकामा. राइट क्लिक करून एक नवा फोल्डर केला, आणि एका बोटाने नाव टाइप केलं. मग म्हणाले, "ती कपाटातली सीडी आण. पण यात सीडी कुठून घालायची?"